पाडव्याला हाऊसफुल्ल, सोमवारी पन्नास माणसं

प्रकरण अभ्यास : मोठ्या बजेटच्या सिनेमाचं नाव पाच दिवसांत कसं खराब होतं

गुरुवार, ८ नोव्हेंबर २०१८. दिवाळीचा पाडवा. आमिर खान-अमिताभ बच्चन यांचा ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ देशभरात सुमारे ५,००० पडद्यांवर एकाच दिवशी लागला आणि रात्रीपर्यंत त्याच्या हिंदी आवृत्तीने ५० कोटी ७५ लाखांचा निव्वळ, म्हणजे कर वजा जाता, गल्ला केला. तमिळ-तेलुगू धरून ५२ कोटी २५ लाख. तोवर कुठल्याही हिंदी सिनेमाने पहिल्या दिवशी एवढा धंदा केलेला नव्हता. पुढच्या सोमवारी याच सिनेमाचा देशभरातला हिंदी गल्ला ५ कोटी ५० लाखांवर आला. म्हणजे पाचव्या दिवशी नववा हिस्साही धडपणे उरला नाही.

खान्देशातल्या तिकीट खिडकीवर उभं राहून त्या पाच दिवसांचा हिशेब इथे मांडला आहे. सिनेमाची समीक्षा इथे करायची नाही, ती भरपूर झाली आहे. प्रश्न नावाचा आहे. सिनेमा पडणं वेगळं आणि त्याचं नाव खराब होणं वेगळं. दरवर्षी कितीतरी सिनेमे येतात, रिकाम्या खुर्च्यांपुढे आठवडा काढतात आणि निघून जातात. त्यांना कोणी नावं ठेवत नाही, कारण ते कोणी बघितलेलेच नसतात. बदनाम होतो तो सिनेमा, जो बघायला आधी सगळा गाव लोटतो.

भुसावळ या हिशेबात कुठे बसतं

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा राज्यांचा नसतो, सर्किटांचा, म्हणजे वितरणाच्या विभागांचा असतो. पुणे शहर ‘मुंबई सर्किट’मध्ये मोडतं. जळगाव-धुळ्याचे आकडे मात्र नागपूर, अमरावती, जबलपूर, रायपूर यांच्या पंगतीत सी.पी. बेरार (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) या खात्यात लिहिले जातात. गंमत अशी की खान्देश इंग्रजांच्या काळी कधी मध्य प्रांत-वऱ्हाडात नव्हताच, तो मुंबई इलाख्यात होता. तरी धंद्याने त्याला तिकडे जोडलं. याचं कारण कचेरीत सापडत नाही, रेल्वेत सापडतं. भुसावळ जंक्शनवरून एक लाईन नागपूरकडे जाते आणि एक खंडवा-इटारसीकडे. सिनेमाच्या फिल्मच्या पेट्या गाडीने जायच्या त्या काळात वितरकाला याहून सोयीची जागा नव्हती. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक आणि थिएटरमालकांची मोठी संघटना भुसावळचीच. कुठला सिनेमा कुठे, किती पैशात आणि कोणत्या अटींवर लागायचा, यावरची भांडणं या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सोडवली आहेत.

पेटीचा काळ समजून घेतला तर २०१८ चा घोळ नीट कळतो. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. ‘ठग्स’ची लांबी १६४ मिनिटं, म्हणजे जुन्या हिशेबाने १४,७६० फूट फिल्म, दोन-दोन हजार फुटांचे आठ डबे. असा एकेक प्रिंट काढायला खर्च येई, म्हणून प्रिंट मोजके निघत. सिनेमा आधी मोठ्या शहरात, मग जळगाव-धुळ्यात, आणि चोपडा, यावल, तळोद्यापर्यंत पोचायला आणखी काही आठवडे. सिनेमाच्या आधी गावात त्याचा ‘रिपोर्ट’ येऊन पडलेला असे. ‘पब्लिक रिपोर्ट’, म्हणजे बघून आलेल्यांचं मत, हा या धंद्यातला जुना शब्द. रिपोर्ट वाईट असला की तालुक्याचा थिएटरमालक भाव पाडून मागायचा, नाहीतर घ्यायचाच नाही. तोंड पोळण्याआधी फुंकर मारायला त्याला वेळ मिळायचा.

डिजिटल आल्यावर डबे गेले. सिनेमा सर्व्हरवर उतरतो, तो उघडायची, ठरलेल्या तारखेची डिजिटल किल्ली मिळते आणि मुंबईत जो शो सकाळी सुरू होतो तोच शहाद्यातही सुरू होतो. प्रेक्षकासाठी ही मोठी सोय झाली. थिएटरमालकाचा मात्र रिपोर्ट हरवला. तो आता माल न बघता पैसे मोजतो आणि प्रेक्षकही न बघता तिकीट काढतो. मोठ्या सिनेमाच्या पहिल्या दिवसाचा सगळा गल्ला हा असा न बघता झालेला व्यवहार असतो.

जवळपास तेवढेच पैसे, उलटं नाव

या प्रकरणाचं सगळ्यात बोलकं परिमाण त्याच हंगामात बाजूला उभं होतं. तीन आठवडे आधी, दसऱ्याला, १८ ऑक्टोबरला ‘बधाई हो’ लागला होता. त्याचे पहिले चार दिवस असे : गुरुवार ७.३५ कोटी, शुक्रवार ११.८५, शनिवार १२.८०, रविवार १३.७०. ‘ठग्स’चे पहिले चार दिवस, फक्त हिंदी : गुरुवार ५०.७५, शुक्रवार २८.२५, शनिवार २२.७५, रविवार १७.२५.

‘बधाई हो’ने शेवटपर्यंत मिळून सुमारे १३७ कोटी केले. ‘ठग्स’ने पहिल्या आठ दिवसांतच १३४ कोटी ९५ लाख केले. तिकीट खिडकीत आलेला पैसा जवळपास सारखा. तरी एका सिनेमाचं नाव त्या वर्षाच्या सुखद यशांत घेतलं जातं आणि दुसऱ्याचं नाव आजही धाक घालायला वापरतात.

खर्चातला फरक हे एक उत्तर झालं आणि ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. प्रेक्षक सिनेमाचा ताळेबंद बघत नाही. त्याला कळते ती दिशा. ‘बधाई हो’चा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा मोठा होता, म्हणजे बघून आलेला माणूस दुसऱ्याला पाठवत होता. ‘ठग्स’चा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा लहान होता : दुसऱ्या दिवशी ४४ टक्के घट, तिसऱ्या दिवशी १९ टक्के, चौथ्या दिवशी २४. बघून आलेला माणूस दुसऱ्याला थांबवत होता.

यावर कोणी म्हणेल, पाडव्याचा सण होता, दुसऱ्या दिवशी घट यायचीच. ते इथे लागू पडत नाही. २०१८ च्या दिवाळीत बुधवारी लक्ष्मीपूजन, गुरुवारी पाडवा, शुक्रवारी भाऊबीज, मग शनिवार-रविवार. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माणूस घर सोडत नाही, थिएटरं ओस असतात, म्हणूनच बुधवार टाळून गुरुवार धरला होता. पुढचे चारही दिवस सुट्टीचे. शाळा बंद, चाकरमानी गावी आलेला, हातात बोनस. सुट्टीत सुट्टी मिसळलेली असताना गल्ला रोज खाली येतो, तेव्हा सणाकडे बोट दाखवता येत नाही. आमिर खानच्याच ‘दंगल’चा डिसेंबर २०१६ मधला पहिला शुक्रवार २९.७८ कोटींचा होता, शनिवार ३४.८२ आणि रविवार ४२.४१. चाललेल्या सिनेमाचा आलेख असा चढतो.

सोमवारी सुट्टीचं पांघरूण निघालं आणि आकडा एका रात्रीत ६८ टक्के खाली आला. पडला मात्र तो शुक्रवारीच होता.

रिपोर्ट कसा फिरतो : पाडवा ते भाऊबीज

तालुक्याच्या गावचं एकपडदा थिएटर डोळ्यांसमोर आणा. शो बारा, तीन, सहा आणि नऊचे. १६४ मिनिटांचा सिनेमा, पंधरा मिनिटांचं मध्यंतर, सुरुवातीच्या जाहिराती. बाराचा शो सुटायला तीन वाजून जातात. तेव्हा फाटकाशी तीनच्या शोची गर्दी उभी असते, हातात तिकीट घेऊन. एक दार बाहेर उघडतं, एक आत. ही दोन-तीन मिनिटांची गाठभेट म्हणजे सिनेमाच्या नावाचा जन्म.

“कसा शे पिच्चर?”

“काहीच नही शे त्याम्हा.”

एवढंच बोलणं होतं. तीनच्या शोवाल्याने तिकीट काढलेलं असतं, तो आत जातोच. सहाच्या शोचं बरंचसं बुकिंगही झालेलं असतं. म्हणून वाईट रिपोर्टचा फटका पाडव्याच्या गल्ल्याला फारसा बसत नाही. पहिल्या दिवसाचा आकडा सिनेमाचा नसतोच, तो जाहिरातीचा आणि नटांच्या पुण्याईचा असतो. या सिनेमाच्या बाबतीत ही पुण्याई अफाट होती. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदा एका सिनेमात येत होते. माल्टात दोन प्रचंड जहाजं बांधून चित्रीकरण केलं होतं. २७ सप्टेंबरला ट्रेलर आला तेव्हा समाजमाध्यमांवर त्याची थट्टा झाली, परदेशी समुद्री चाच्यांच्या सिनेमांशी तुलना झाली, तरी आगाऊ बुकिंगवर त्याचा परिणाम दिसला नाही. थट्टा करणाऱ्यांनीही तिकिटं काढली.

नऊचा शो सुटला की रिपोर्ट घरात शिरतो. खान्देशात त्याला एक खास वाट आहे. दिवाळीला सुरतेहून, पुण्याहून, मुंबईहून माणूस गावी येतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खान्देशी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, आणि पाडव्याच्या रात्री अमळनेरच्या ओट्यावर बसलेला सुरतवाला तिकडे राहिलेल्या चुलतभावाला फोन लावतोच. दोन्हीकडचा रिपोर्ट एकच निघाला की विषय संपला. पूर्वी गावाचा रिपोर्ट गावापुरता असे. इथे दोन राज्यांची साक्ष एका फोनवर जमते, आणि दोन्ही साक्षीदार घरचे, म्हणून पेपरातल्या समीक्षकांनी दिलेल्या ताऱ्यांपेक्षा त्यांचा शब्द भारी ठरतो.

मग भाऊबीज. बहीण माहेरी आलेली असते, ओवाळणी झाली की दुपारी सगळ्यांनी पिक्चरला जायची जुनी रीत आहे. हे तिकीट एकट्यादुकट्याचं नसतं, सहा-सात जणांचं असतं. पाडव्याला जातो तो पोरगा मित्रांबरोबर, नटाच्या नावावर जातो. भाऊबीजेला जातं ते घर, आणि घर विचारून जातं. १२० रुपयांच्या भावाने सात जणांचे ८४० रुपये, वर मध्यंतराचा खर्च. दुष्काळाचं वर्ष होतं. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि त्यात खान्देशातले अनेक तालुके होते. कापूस वेचून जो पैसा हाती येत होता त्याला आधीच दहा वाटा फुटलेल्या होत्या. अशा वर्षी “पैसा वाया गयात” हे वाक्य आठशे रुपये वाचवणारा सल्ला म्हणून कानावर पडतं, आणि तसा सल्ला माणूस पुढच्याला आवर्जून देतो.

किती तोंडं बोलत होती, याचा अंदाज घेता येतो. कर सोडून तिकिटाचा सरासरी भाव १५० रुपये धरला, तर ५०.७५ कोटी म्हणजे पहिल्या दिवशी साधारण ३४ लाख माणसं. ‘बधाई हो’च्या पहिल्या दिवशी याच भावाने पाच लाखांच्या आत. वाईट रिपोर्ट घेऊन ३४ लाख माणसं सणाच्या दिवशी नातेवाइकांत मिसळली. ५,००० पडदे घेतल्यामुळे विक्रम झाला, आणि त्या ५,००० पडद्यांनीच एवढे साक्षीदार तयार केले.

थिएटरमालकाची वही

प्रेक्षक दोन दिवसांत बोलायचा थांबतो, मनात मात्र धरून ठेवतो. सिनेमाचं वाईट नाव बोलतं ठेवतात ती धंद्यातली माणसं, कारण त्यांचा आकडा वहीत राहतो. तो कसा तयार होतो, ते एका कल्पित थिएटरवर मांडून बघू. खाली थिएटरचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, घसरणीचं प्रमाण मात्र देशभराच्या खऱ्या गल्ल्याचं आहे.

पाचशे खुर्च्या, चार शो, दिवसाला २,००० तिकिटं. भाव १२० रुपये. त्या वेळी शंभराच्या वरच्या तिकिटाला २८ टक्के जीएसटी होता, तेव्हा १२० मधले ९३ रुपये ७५ पैसे निव्वळ. पूर्ण भरलेला दिवस म्हणजे १,८७,५०० रुपये. आता पाडव्याला ९० टक्के खुर्च्या भरल्या असं धरू. देशभराच्या घसरणीने पुढचे दिवस येतात ते असे : भाऊबीज ५० टक्के, शनिवार ४०, रविवार ३१, सोमवार १०, मंगळवार ८, बुधवार ६, गुरुवार ५. आठ दिवसांची बेरीज २४० टक्के. निव्वळ गल्ला साडेचार लाख.

थिएटरचा रोजचा खर्च, वीज, पगार, सफाई, प्रोजेक्शन मिळून १५,००० धरला तर आठ दिवसांचे १,२०,०००.

आता करार बघा. मालकाने सिनेमा टक्केवारीवर घेतला असेल आणि अर्धा गल्ला वितरकाला द्यायचा असेल, तर २,२५,००० त्याच्याकडे राहतात, खर्च जाता १,०५,००० सुटतात. तो म्हणेल, दिवाळी बरी गेली. त्याच गावातल्या दुसऱ्या मालकाने, दिवाळी आहे, दोन मोठे नट आहेत, सिनेमा समोरच्याकडे जायला नको, म्हणून चार लाखांची मिनिमम गॅरंटी (एम.जी., म्हणजे गल्ला कितीही होवो, एवढे वितरकाला देईनच) लिहून दिली असेल, तर त्याच्या हाती उरतात ५०,०००, आणि खर्च जाता ७०,००० घरातून जातात. सिनेमा एकच, गर्दी एकच, हाऊसफुल्लचा बोर्ड दोघांच्याही दारात लागलेला. एकाच्या तोंडी सिनेमा “ठीक चालला”, दुसऱ्याच्या तोंडी “बुडवलं”. आणि जास्त बोलतो तो दुसरा. वितरकाच्या ऑफिसात, असोसिएशनच्या बैठकीत, चहाच्या टपरीवर, पुढची दोन वर्षं.

एम.जी. देताना मालक चुकतो कुठे, तर तो पहिल्या दिवसाच्या भरण्यावरून, म्हणजे भरलेल्या खुर्च्यांवरून, आठवडा मोजतो. ९० टक्क्यांचा पाडवा धरून पुढचे तीन सुट्टीचे दिवस ८० टक्क्यांनी गेले, तर चारच दिवसांत ३३० टक्के होतात, सहा लाखांच्या वर. त्या हिशेबात चार लाख स्वस्तच वाटतात. घसरण धरून आकडा काढायला हवा, आणि ती धरायला जुना रिपोर्ट हातात नसतो.

दुसरी चूक भावात होते. त्या जीएसटीत शंभरची रेघ होती : १०० पर्यंत १८ टक्के, त्यावर २८. शंभराच्या तिकिटात ८४ रुपये ७५ पैसे निव्वळ. १०८ च्या तिकिटातही ८४ आणि काही पैसेच. म्हणजे १०१ ते १०८ मधला कुठलाही भाव लावला तर प्रेक्षक जास्त देतो आणि मालकाला मिळतं कमी. १२० लावले तर प्रेक्षक वीस रुपये जास्त देतो, मालक-वितरकाच्या वाट्याला येतात नऊ. या नऊ रुपयांसाठी बाल्कनीच्या माणसाचा “एवढे पैसे घेतले आणि दाखवलं काय” हा राग विकत घेतला जातो. ‘ठग्स’ची तिकिटं बऱ्याच ठिकाणी चढ्या भावाने विकली गेली होती. तिकिटाचा भाव ही प्रेक्षकाला दिलेली जबानच असते. चढा भाव लावला की सिनेमा बरा असून भागत नाही, तो त्या भावाच्या तोलाचा असावा लागतो. कराचे हे दर पुढे १ जानेवारी २०१९ पासून १२ आणि १८ टक्के झाले. ‘ठग्स’ला त्याचा उपयोग नव्हता.

तिसरी गोष्ट शोच्या अटीची. मोठ्या सिनेमाचा वितरक एकपडदा थिएटरकडून सगळे शो मागतो, दुसरा सिनेमा मध्ये घालू देत नाही. सोमवारी दहा टक्के, म्हणजे शोमागे सरासरी पन्नास माणसं. प्रत्यक्षात बाराच्या शोला पंधरा आणि सहाच्या शोला ऐंशी, असं ते विभागलं जातं. पंधरा माणसांसाठी पाचशे खुर्च्यांचं थिएटर चालवायचं, पंखे फिरवायचे, आणि दुसरं काही लावायचं नाही. त्याच दिवाळीत ‘…आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ आला होता. मोठ्या हिंदी सिनेमापुढे त्याला चांगल्या वेळा मिळत नाहीत, यावरून वाद पेटला होता. मराठी सिनेमाची बाजू भावनेपोटी मांडली जाते, पण सोमवारच्या वहीत ती रोकड बाजू होती. रिकामा चाललेला प्रत्येक शो म्हणजे दुसऱ्या सिनेमाची नाकारलेली गर्दी.

बजेटचा आकडा आणि खरी वसुली

‘ठग्स’च्या खर्चाचे आकडे २०० कोटींपासून ३०० कोटींपर्यंत छापून आले. हा आकडा कधीच नेमका हाती लागत नाही. त्यात चित्रीकरणाचा खर्च, जाहिरातीचा खर्च, नटांचं मानधन, आणि मानधनाऐवजी नफ्यातला वाटा ठरला असेल तर तो, असे वेगवेगळे कप्पे असतात. कोण कुठला कप्पा मोजतो त्यावर आकडा बदलतो. वसुलीचा हिशेब मात्र बऱ्यापैकी मांडता येतो. २००९ मधल्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि निर्मात्यांत जो तह झाला, त्यानुसार वितरकाला निव्वळ गल्ल्यातला वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. १३४ कोटी ९५ लाखांचे अर्धे म्हणजे साडेसदुसष्ट कोटींच्या आसपास. खर्चाचा सगळ्यात कमी छापलेला आकडा घेतला तरी थिएटरातून त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा सुटतो. बाकीचं टीव्ही, ऑनलाइन, संगीत, परदेश यांतून भरून काढायचं असतं. २८ डिसेंबरला सिनेमा चीनमध्ये लागला, जिथे आमिर खानला मोठा प्रेक्षक होता. तिथेही तो चालला नाही.

सगळ्या घाईचं मूळही या टक्केवारीतच आहे. वितरकाचा वाटा आठवड्यागणिक उतरतो, म्हणून त्याला पहिल्या आठवड्यात जितकं लाटता येईल तितकं हवं असतं : जास्त पडदे, जास्त भाव, सगळे शो. थिएटरमालकाचं हित उलट आहे, त्याला पाच आठवडे चालणारा सिनेमा हवा, कारण त्याचा वाटा उशिरा वाढतो. सिनेमा लांब चालला तर दोघांचंही भागतं. पहिल्याच रविवारी ढासळला तर वितरकाने आपला मोठा वाटा उचललेला असतो आणि मालकाचे चांगले आठवडे उजाडतच नाहीत. म्हणून अशा सिनेमाविरुद्ध पहिला आवाज नेहमी थिएटरांतून उठतो. ‘ठग्स’च्या वेळीही काही थिएटरमालकांनी भरपाई मागितल्याच्या बातम्या आल्या. ही मागणी नवी नव्हती. २००२ मध्ये ‘बाबा’ पडल्यावर रजनीकांतने वितरकांचं नुकसान स्वतः भरून दिलं होतं, आणि त्याचं नाव त्या प्रकरणात उलट मोठं झालं.

नोव्हेंबरच्या अखेरीस आमिर खानने अपयशाची पूर्ण जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली. हे मोठेपणाचं होतं, असं आमचं मत आहे. फार थोडे नट असं उभं राहून बोलतात. पण त्याने नाव सुधारलं नाही, ते पक्कं झालं. तोपर्यंत “सिनेमा तसा बरा आहे, उगाच नावं ठेवतात” असं म्हणणारे काहीजण शिल्लक होते. करणाऱ्यानेच कबूल केल्यावर त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

नाव सुधारतं कधी

पडलेल्या सगळ्या सिनेमांचं नाव कायमचं खराब राहत नाही. १९७० चा ‘मेरा नाम जोकर’ राज कपूरने सहा वर्षं खपून केला, चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा. तो सपाटून पडला आणि कर्ज डोक्यावर ठेवून गेला. ते कर्ज फिटायला १९७३ चा ‘बॉबी’ यावा लागला. आज त्याच ‘जोकर’चं नाव आदराने घेतात. अमेरिकेत १९८० साली ‘हेवन्स गेट’चं असंच झालं. सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चून केलेला हा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये आठवडाभरात उतरवला गेला आणि युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनी पुढच्याच वर्षी विकली गेली. २०१२ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसला दाखवली, तेव्हा त्याच्याकडे नव्या नजरेने बघितलं गेलं.

या दोघांच्या आणि ‘ठग्स’च्या बदनामीत फरक आहे. त्या दोन सिनेमांना लोक गेलेच नव्हते. न गेलेला माणूस वीस वर्षांनी टीव्हीवर बघून “अरे, हा तर चांगला आहे” म्हणू शकतो, त्याचं स्वतःचं मत मोडत नाही. ‘ठग्स’ला लोक सणाच्या दिवशी चढा भाव देऊन, घरच्यांना घेऊन गेले होते. त्यांचं मत ऐकीव नाही, पदरचे पैसे मोजून झालेलं आहे. “चालला नाही” हा शिक्का काळ पुसतो. “फसवलं” हा शिक्का, ज्याच्या खिशातून पैसे गेले तो माणूस पुसू देत नाही. शिवाय विक्रमच त्याच्या मुळावर आला. पहिल्या दिवसाच्या ५२ कोटींची जाहिरात झाली होती, म्हणून पुढची प्रत्येक बातमी त्या ५२ च्या मापाने लिहिली गेली. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला ‘वॉर’ने ५३ कोटी ३५ लाखांनी हा विक्रम मोडला, तेव्हाही आकड्यांशेजारी ‘ठग्स’चं नाव पुन्हा छापून आलं.

तिकीट खिडकीवर काय तपासायचं

मोठा सिनेमा घेताना थिएटरमालकाला रिपोर्ट पुन्हा हातात आणता येतो, फक्त तो आता तासांत मोजावा लागतो. पहिल्या दिवसाचा एकूण गल्ला बघून उपयोग नाही, त्यात आगाऊ बुकिंग मिसळलेलं असतं. बघायची ती खिडकीवरची विक्री, म्हणजे शोच्या आधीच्या अर्ध्या तासात रोख गेलेली तिकिटं. पाडव्याच्या सहाच्या शोची खिडकीवरची विक्री आणि बाराच्या शोची, या दोन्ही वेगळ्या लिहून ठेवा. एरवी सहाचा शो बाराच्या दीडपट-दुपटीने विकतो. तो बाराच्या बरोबरीला किंवा खाली आला, तर फाटकाशी काय बोलणं झालं ते कळून येतं.

दुसरी तुलना दिवसांची : पाडव्याचा तीनचा शो आणि भाऊबीजेचा तीनचा शो, वर्गवार. स्टॉल (खालच्या स्वस्त खुर्च्या) टिकला आणि बाल्कनी (वरच्या महाग खुर्च्या) पडली, तर घरची माणसं येत नाहीयेत आणि रविवार गेला असं समजावं. बाल्कनी टिकली आणि स्टॉल पडला, तर नटाचा प्रेक्षक निराश आहे पण घरं येतायत. असा सिनेमा सोमवारनंतरही तग धरू शकतो. दोन्ही वर्ग पडले तर शुक्रवारी रात्रीच वितरकाच्या प्रतिनिधीला फोन करून सोमवारपासून दोन शो सोडवून घ्यायची बोलणी सुरू करावीत. रविवारी रात्री तीच मागणी सगळ्या थिएटरांतून एकदम जाते आणि मग कोणाचंच ऐकलं जात नाही.

ही अट करारातच घालून घेतली तर फोनची वेळ येत नाही : सलग दोन दिवस भरणा ठरलेल्या टक्क्यांखाली आला तर शो वाटून घ्यायची मुभा. दिवाळीच्या सिनेमाला वितरक हे सहजी मान्य करत नाही. पण एम.जी. द्यायचीच असेल, तर तिच्या बदल्यात मागायची गोष्ट हीच. २०१८ मध्ये ही मुभा ज्यांच्याकडे असेल, त्यांना १६ नोव्हेंबरला ‘नाळ’ हा मराठी सिनेमा लागला तेव्हा संध्याकाळचे शो मोकळे मिळाले असतील.